परवाना परीक्षा बांधून देणारी सेवा: लेखीत चोख, प्रात्यक्षिकात कच्ची

आमच्या परवाना मंडळाने वायरमनची परीक्षा मुळापासून नव्याने बांधायला बाहेरची एक संस्था नेमली. कामाचं सर्वेक्षण, पेपरचा आराखडा, प्रश्नपेढी, पासिंगची रेषा, निकालानंतरची आकडेमोड आणि प्रात्यक्षिकाची गुणपद्धत, सगळं एकाच करारात. मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर. मंडळाने विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलं आणि पहिल्या बैठकीपासून निकाल लागेपर्यंत मी त्यात होते. करार अजून चालू आहे, म्हणून संस्थेचं नाव घेत नाही. पण अशी सेवा घेणाऱ्या कुठल्याही मंडळापुढे, ते नर्सिंगचं असो, लिफ्टचं असो की बॉयलरचं, हेच प्रश्न येणार, म्हणून सविस्तर लिहिते. निष्कर्ष आधीच सांगून टाकते: लेखी परीक्षेसाठी ही सेवा मी बिनदिक्कत सुचवेन. प्रात्यक्षिकासाठी आज तरी सुचवणार नाही.

जुना पेपर पुस्तकातल्या धड्यांवरून निघायचा. पुस्तकात डीसी मोटरला भरपूर पानं, म्हणून पेपरातही डीसी मोटरचे ढीगभर प्रश्न. शटडाउन (कामाआधी लाइन बंद करून घेणं) कसं घ्यायचं, मेगरचं (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या उपकरणाचं) रीडिंग कमी आलं तर कुठून शोधायला सुरुवात करायची, आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सारखी ट्रिप होतेय तर आधी काय सोडवून बघायचं, यावर एखादा प्रश्न आला तर आला. पाठांतर चांगलं असलेली मुलं पहिल्या फटक्यात पास व्हायची आणि साइटवर आली की त्यांच्या हातात टेस्टर द्यायची भीती वाटायची. उलट, ज्यांच्या कामावर मी निर्धास्त असते अशी काही माणसं त्याच पेपरात दोन-दोनदा अडकलेली मी पाहिली आहेत.

परवाना परीक्षा ही स्पर्धा परीक्षा नाही. पहिला कोण आला याला इथे काडीची किंमत नाही. या माणसाने कुणी पाठीशी उभं नसताना एखाद्याच्या घरातली डीबी, म्हणजे वीज वाटणारी पेटी, उघडली, तर तो स्वतः आणि त्या घरातले लोक सुरक्षित राहतील का, एवढंच ठरवायचं असतं. संस्थेच्या लोकांनी पहिल्याच सत्रात मायकेल केन यांच्या 1982 सालच्या लेखाचा आधार घेऊन हे नेमकं मांडलं: परवानाधारक पुढे किती यशस्वी होईल याचं भाकीत परीक्षेने करायचं नसतं, कामाला ज्या क्षमता नसल्या तर चालणारच नाही त्या आहेत का, एवढं तपासायचं असतं. दुसरा आधार त्यांनी सॅम्युअल मेसिक यांचा घेतला. मेसिक यांनी 1989 साली परीक्षा बिघडण्याच्या दोन वाटा सांगितल्या. जे मोजायला हवं ते अपुरं मोजणं ही एक, आणि कामाशी संबंध नसलेलं काहीतरी गुणांत मिसळणं ही दुसरी. आमच्या जुन्या पेपरात दोन्ही खच्चून भरलेलं होतं.

पहिलं काम सर्वेक्षणाचं. प्रत्यक्ष काम करणाऱ्या वायरमन लोकांना कामांची लांबलचक यादी पाठवली आणि प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी विचारल्या: हे किती वेळा करता, आणि यात चूक झाली तर किती मोठं नुकसान होईल. यादी पुस्तकावरून केलेली नव्हती. संस्थेची माणसं आधी साइटवर येऊन उभी राहिली, आम्ही काय करतो ते लिहून घेतलं आणि त्यातून यादी केली. यातच त्यांचा वकूब दिसला. अमेरिकेत नर्सिंगच्या एनसीएलईएक्स परीक्षेसाठी असं कामाचं विश्लेषण दर तीन वर्षांनी होतं, कारण काम बदलतं. आमच्याही धंद्यात इन्व्हर्टर, सोलर आणि गाडी चार्ज करायचे पॉइंट आले, तरी अभ्यासक्रम जागचा हलला नव्हता.

इथे एक वाद झाला, आणि माझ्या मते सगळ्या कामात तो सगळ्यात मोलाचा होता. संस्थेने सुरुवातीला वारंवारता आणि गांभीर्य यांचा सरळ गुणाकार केला. कागदावर ठीक दिसतं. पण शॉक लागलेल्या माणसाला लाइनपासून सोडवणं हे काम वायरमनच्या वाट्याला क्वचितच येतं. गुणाकारात ते पार तळाला गेलं आणि स्विचबोर्ड बदलणं वर चढलं. आम्ही तिथल्या तिथे आक्षेप घेतला. त्यांनी हटवाद केला नाही. गांभीर्याला जास्त वजन दिलं, आणि जिवावर बेतणारी कामं वारंवारता कितीही कमी असली तरी आराखड्यातून बाहेर जाणार नाहीत असा नियम लिहून घेतला. तज्ज्ञाचं ऐकून स्वतःचं सूत्र बदलणारी संस्था विरळाच. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन.

प्रश्न लिहिण्याच्या कार्यशाळा कष्टाच्या होत्या. आमच्यातल्या बहुतेकांना प्रश्न म्हणजे व्याख्या विचारणं एवढंच ठाऊक. उदाहरण देते. जुना प्रश्न होता, मेगर कशासाठी वापरतात. हे कुणीही पाठ करतं. संस्थेच्या बाईंनी विचारलं, "मेगर हातात घेतल्यावर तुमचा नवखा माणूस नेमका कुठे चुकतो?" एका जुन्या वायरमननी लगेच सांगितलं, "सर्किटवर एलईडीचे ड्रायव्हर तसेच ठेवून पाचशे व्होल्ट सोडतो. रीडिंग पण खोटं येतं आणि ड्रायव्हर पण जातात." त्यातून नवा प्रश्न तयार झाला: सगळी सर्किटं ठीक आहेत, एकाच सर्किटचं रीडिंग फार खाली आलं आहे, त्यावर इलेक्ट्रॉनिक उपकरणं जोडलेली आहेत, आधी काय कराल? केबल बदलायची, जोडलेली उपकरणं सुटी करून पुन्हा रीडिंग घ्यायचं, की जास्त व्होल्टेजवर तपासायचं. या प्रश्नाचं उत्तर पाठ करून येता येत नाही.

पर्याय तीनच का, यावर बरीच कुरकुर झाली. चार पर्यायांची सवय जुनी आहे. पण चौथा पर्याय बहुतेक वेळा भरतीचा असतो, तो कुणी निवडतच नाही. मायकेल रॉड्रिग्ज यांनी 2005 साली ऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र तपासून तीन पर्याय पुरतात असा निष्कर्ष काढला आहे. मला ते पटलं, कारण चौथा पर्याय शोधण्यात आमचा जो वेळ जायचा तो नवे प्रश्न लिहायला मिळाला, आणि जास्त प्रश्न म्हणजे कामाचा जास्त भाग तपासता येतो.

भाषेवर त्यांनी बारीक कात्री चालवली. "खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही" हा प्रकार पेढीतून हद्दपार केला. वायरमनची नजर चांगली आहे की नाही ते पाहायचं, वाक्याच्या गाठी सोडवता येतात का ते नाही. केबलचा आकार ठरवायच्या प्रश्नांसोबत तक्ता द्यायचा हेही ठरलं, कारण साइटवर शहाणा माणूस तक्ता बघूनच केबल ठरवतो. तक्ता पाठ आहे का हे विचारणं निरर्थक आहे. तक्त्यातली नेमकी ओळ उचलता येते का, आणि एका पाइपात अनेक केबली असतील तर क्षमता कमी धरायची हे सुचतं का, हे विचारायला हवं.

आता पासिंगची रेषा. बहुतेक मंडळं चाळीस किंवा पन्नास टक्के धरून मोकळी होतात. पेपर सोपा असला तर पन्नास टक्क्यांत कुणीही सुटतो, अवघड असला तर चांगला माणूसही अडकतो. संस्थेने इथे अँगॉफ पद्धत वापरली. विल्यम अँगॉफ यांनी 1971 साली एका मोठ्या प्रकरणात ती थोडक्यात सांगितली होती, आणि आज जगभरच्या परवाना परीक्षांत तीच सर्रास चालते. तज्ज्ञांनी काठावरचा उमेदवार डोळ्यांसमोर आणायचा, जेमतेम लायक, त्याहून किंचित कमी असता तर परवाना देता आला नसता असा. मग प्रत्येक प्रश्नाला सांगायचं, असे शंभर जण बसले तर किती जण हा प्रश्न बरोबर सोडवतील. सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी काढून बेरीज केली की रेषा मिळते. समजा शंभर प्रश्नांचा पेपर आहे आणि सरासरी अंदाज अडुसष्ट येतो, तर रेषा 68.

ऐकायला सोपं वाटतं, पण त्या खोलीत दिवसभर बसल्यावर कळतं की सगळा जीव त्या काठावरच्या माणसाच्या वर्णनात आहे. अर्धा दिवस फक्त त्यावर गेला आणि तो सार्थकी लागला. याला काय येतं? घरगुती वायरिंग एकट्याने पुरी करतो, थ्री फेजमध्ये अडखळतो पण धोका ओळखून थांबतो, नकाशा वाचायला वेळ लागतो पण वाचतो. असं एकेक वाक्य फळ्यावर चढत गेलं.

मग शटडाउनचा प्रश्न आला. लाइन बंद करून कुलूप घातलं, टॅग लावला, आता हात घालण्याआधी काय? योग्य उत्तर: आधी चालू असलेल्या ठिकाणी टेस्टर चालतो का पाहायचं, मग बंद केलेल्या सर्किटवर लावायचा, आणि पुन्हा चालू ठिकाणी लावून तो मधल्या वेळात बिघडला नाही याची खात्री करायची. मी पंचाण्णव लिहिले. शेजारच्या काकांनी पंचावन्न. मी म्हटलं, "काका, हे न करणाऱ्याला परवाना कसा द्यायचा?" ते म्हणाले, "मॅडम, करायला हवं ते मलाही ठाऊक आहे. करतील किती, ते विचारलंय ना?" सत्र चालवणाऱ्या बाईंनी चर्चा थांबवली नाही, तिला शिस्त लावली. अंदाज द्यायचा तो काठावरचा माणूस खरंच काय करेल याचाच, हे त्यांनी स्पष्ट केलं. पण त्याचबरोबर विचारलं की ज्याला हे ठाऊक नाही तो तुमच्या फळ्यावरच्या वर्णनात बसतो का? फळ्यावर "धोका ओळखून थांबतो" लिहिलेलं होतं. काकांनी आकडा वर नेला, मी थोडा खाली आणला. दुसऱ्या फेरीत मागच्या उमेदवारांनी तो प्रश्न प्रत्यक्षात किती सोडवला होता तेही दाखवलं आणि मगच अंतिम आकडे घेतले. कुणाचा आकडा चुकला असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, पण प्रत्येकाला त्याचं कारण मात्र सांगायला लावलं.

निकालाआधीची तपासणी ही या सेवेतली सगळ्यात जमेची बाजू. प्रत्येक प्रश्नासाठी ते दोन गोष्टी बघतात: किती जणांना जमला, आणि एकूण पेपरात वर असलेल्यांना तो खालच्यांपेक्षा जास्त जमला का. एका प्रश्नात दुसरी गोष्ट उलटी निघाली. प्रश्न असा होता: तिन्ही फेजवर सारखाच भार असेल तर न्यूट्रलमधून किती करंट वाहील? उत्तरसूचीत "शून्य". पुस्तकी उत्तर तेच. पण चांगल्या गुणांच्या मुलांनी "फेजच्या करंटपेक्षाही जास्त असू शकतो" हा पर्याय निवडला होता. संस्थेने निकाल थांबवून प्रश्न आमच्यापुढे ठेवला, आणि मुलांचं म्हणणं खरं होतं. कॉम्प्युटर आणि एलईडीसारख्या भारातून तिसरे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचे करंट) निघतात. ते न्यूट्रलमध्ये एकमेकांना छेदत नाहीत, त्यांची बेरीज होते. ऑफिसच्या इमारतींत न्यूट्रल तापण्याचं कारण हेच असतं, आणि ज्यांनी तिथे काम केलंय त्यांना ते माहीत असतं. दोन्ही उत्तरांना गुण दिले आणि पेढीत तो प्रश्न फक्त हीटरसारख्या भारापुरता बदलून घेतला. ही तपासणी झाली नसती तर जास्त जाणणाऱ्यांचाच गुण गेला असता, आणि रेषेवर उभ्या असलेल्यासाठी एका गुणावर पोटापाण्याचा प्रश्न असतो.

दोन पेपरांची काठिण्यपातळी जुळवण्याचं काम त्यांनी नीट केलं. काही प्रश्न दोन्ही पेपरांत समान ठेवून, त्यांवरून नवा पेपर किती जड-हलका आहे ते काढलं आणि रेषा त्याप्रमाणे सरकवली. मागच्या वेळी कमी गुणांत सुटलो असतो म्हणून काही उमेदवार चिडले. ते समजण्यासारखं आहे. पण हे समजावून सांगणारी एक पानी, साध्या भाषेतली माहिती संस्थेने आधीच द्यायला हवी होती. ती आम्ही मागितल्यावर आली.

त्यांचा प्रामाणिकपणाही नोंदवते. वेगवेगळ्या भाषागटांतल्या, सारख्याच कुवतीच्या उमेदवारांना एखादा प्रश्न वेगळा जातो का, ही तपासणी आम्ही मागितली होती. एका गटात माणसं इतकी थोडी होती की आकड्यांवर विसंबता येणार नाही असं त्यांनी तोंडावर सांगितलं आणि त्याऐवजी त्या गटातल्या वायरमन लोकांकडून प्रश्न वाचून घेतले. आकर्षक आलेख काढून देणं त्यांना सोपं होतं.

आता तक्रारी. प्रात्यक्षिकाची गुणपद्धत म्हणून त्यांनी एक लांब तक्ता दिला. प्रत्येक चौकटीला एक गुण. केबलच्या टोकाला बसणाऱ्या लगला नीट क्रिम्प केलं (दाबून बसवलं), एक. केबलला खुणेची पट्टी लावली, एक. लाइन बंद आहे याची खात्री केली, तेही एकच. म्हणजे टापटीप काम करणारा, पण टेस्टर न लावता हात घालणारा उमेदवार या तक्त्यावर आरामात पास होतो. लेखी आराखड्यात ज्या गांभीर्याला त्यांनी एवढं वजन दिलं, ते इथे गायब. प्राणावर बेतणारी पायरी चुकली तर बाकी काहीही असो, उमेदवार नापास, एवढी साधी ओळ त्या तक्त्यात नाही.

परीक्षकांचं प्रशिक्षण म्हणजे ईमेलवर आलेली एक फाइल. एका उमेदवाराला एकच परीक्षक. आमच्यात कडक कोण आणि मवाळ कोण हे सगळ्यांना माहीत आहे, उमेदवारांनाही. निदान काही उमेदवारांना दोन परीक्षकांनी स्वतंत्र गुण द्यावेत आणि त्यांचं किती जुळतं ते बघावं, असं मी सुचवलं. करारात बसत नाही, असं उत्तर मिळालं. हा मार्ग काही नवा नाही. वैद्यकीय शिक्षणात रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी 1975 सालीच छोट्या-छोट्या स्थानकांची परीक्षा मांडली. उमेदवार एका स्थानकावरून दुसऱ्यावर जातो, दर ठिकाणी वेगळं काम, वेगळा परीक्षक, म्हणजे एकाच माणसाच्या मर्जीवर निकाल टांगलेला राहत नाही. आमच्यासाठी ही रचना अगदी सोयीची आहे: एका टेबलावर दोष शोधणं, दुसऱ्यावर शटडाउन, तिसऱ्यावर ग्राहकाला धोका समजावून सांगणं.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते. कॅनडातल्या डॉक्टरांवरचा एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय क्लिनिकल कौशल्य परीक्षेत रुग्णाशी संवादाच्या भागात ज्यांना कमी गुण होते, त्यांच्याविरुद्ध पुढच्या वर्षांत नियामक संस्थांकडे जास्त तक्रारी गेल्या होत्या. नीट बांधलेलं प्रात्यक्षिक लेखीला न दिसणारं काहीतरी पकडतं. म्हणूनच ते असं हलक्यात उरकलेलं मला सहन होत नाही.

दुसरी तक्रार नापास झालेल्यांना दिलेल्या गुणपत्रकाची. त्यात विषयवार गुण छापलेत: अर्थिंग, मोटर, संरक्षण. एकेका विषयाला मोजकेच प्रश्न होते. तेवढ्यावरून माणूस अर्थिंगमध्ये कच्चा आहे असं म्हणता येत नाही, एखादा प्रश्न इकडचा तिकडे झाला तरी चित्र बदलतं. एक मुलगा ते पत्रक घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, अर्थिंगच कमी पडलं ना? मग आता फक्त तेच करतो." त्याला मी सगळं पुन्हा वाचायला सांगितलं. एकूण गुणांची विश्वासार्हता छान आहे असं अहवालात ठळक लिहिणाऱ्यांनी या तुकड्यांची विश्वासार्हता त्याच पानावर लिहायला हवी होती.

कामाच्या कागदपत्रांबाबत मात्र तक्रारीला जागा नाही. कुठला निर्णय कुणी, कशाच्या आधारावर घेतला, अँगॉफच्या दोन्ही फेऱ्यांत आकडे कसे सरकले, सगळं अहवालात आहे. शैक्षणिक आणि मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी अमेरिकेतल्या तीन व्यावसायिक संघटनांनी मिळून 2014 साली जी मानकं सुधारून काढली, त्यांच्याशी एकेक मुद्दा जोडून दाखवला आहे. उद्या कुणी निकालाला आव्हान दिलं तर मंडळाला हात चोळत बसावं लागणार नाही.

कराराचं नूतनीकरण जवळ आलंय. जिवावर बेतणारी पायरी चुकल्यास थेट नापास, प्रात्यक्षिक स्थानकांवर, परीक्षकांना समोर बसवून सराव, आणि ठरावीक उमेदवारांना दोन परीक्षक, एवढ्या अटी लेखी घातल्याशिवाय सही करू नये, असं मी मंडळाला पत्राने कळवलं आहे. विषयवार गुणांऐवजी आराखड्याची प्रत द्यावी हेही त्यात आहे. आणि लेखी परीक्षेचं काम याच संस्थेकडे राहावं, हे पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिलं आहे.